एकाच घरात दोन भाऊ, आजार एकालाच का? रोगप्रतिकाराच्या जनुकांबद्दल विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. गावोगावी सिकलसेलची (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात त्या रक्ताच्या आजाराची) तपासणी सुरू झाल्यापासून विद्यार्थी, त्यांचे आईबाप, आशाताई, अंगणवाडी सेविका असे अनेक जण फोनवर प्रश्न पाठवतात. बरेचसे प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. मी डॉक्टर नाही. कोणतंही औषध सुरू किंवा बंद करायचं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला (तातडीचा एक अपवाद प्रश्न १२ मध्ये आहे).

१. रोगप्रतिकारशक्तीचं जनुक म्हणजे काय? ते एकच असतं का?

एक नाही, शेकडो आहेत. माणसात प्रथिनं तयार करणारी सुमारे २० हजार जनुकं आहेत आणि त्यांतली बरीच या ना त्या रीतीनं रोगाशी लढण्याच्या कामात येतात. माणसामाणसांत सगळ्यांत जास्त फरक दिसतो तो एचएलए नावाच्या जनुकांत. ही सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ बसलेली असतात.

त्यांचं काम समजायला कापूस खरेदी केंद्र आठवा. ग्रेडर अख्खी गाडी उपसून बघत नाही. मूठभर कापूस काढतो, ओल बघतो, धागा ओढतो आणि गाडी घ्यायची की परत पाठवायची ते ठरवतो. शरीरातली प्रत्येक पेशी अशीच आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे बाहेर दाखवत असते. हे तुकडे एचएलए रेणूच्या खाचेत धरलेले असतात. टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, त्यांच्याकडे बघत फिरतात. तुकडा घरचा असला तर पुढे जातात, विषाणूचा असला तर ती पेशी मारून टाकतात. टी-पेशींना परका तुकडा नुसता ओळखता येत नाही, तो आपल्याच एचएलएच्या खाचेत बसलेला असावा लागतो, हे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं.

खाचेचा आकार जनुकावरून ठरतो. आकार बदलला की तिच्यात बसणारे तुकडेही बदलतात. म्हणून एखाद्या जंतूचा तुकडा तुमच्या खाचेत घट्ट बसतो आणि माझ्या खाचेत बसतच नाही. एचएलएच्या जनुकांचे आजवर ३० हजारांहून जास्त प्रकार नोंदले गेले आहेत.

२. "एकाच घरात दोघं भाऊ वाढले, एकाच ताटात जेवले. एकाले डेंग्यूनं पार झोपवलं अन् दुसऱ्याले साधा तापबी नाही. काऊन?"

एचएलएची जनुकं शेजारी शेजारी असल्यामुळे ती सुटी सुटी येत नाहीत, गठ्ठ्यानं येतात. आईकडे दोन गठ्ठे, बापाकडे दोन. लेकराला दोघांकडून एकेक मिळतो. त्यामुळे दोन सख्ख्या भावांचे दोन्ही गठ्ठे जुळण्याची शक्यता २५ टक्के, एकच जुळण्याची ५० टक्के आणि एकही न जुळण्याची २५ टक्के असते. सख्खा भाऊसुद्धा या बाबतीत पूर्ण वेगळा असू शकतो.

पण सगळा भार जनुकांवर टाकू नका. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा एक प्रकार होऊन गेला आणि पुढे दुसरा झाला तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. शिवाय डेंग्यूची लागण झालेल्या बऱ्याच जणांना लक्षणंच येत नाहीत, म्हणजे ताप न आलेल्या भावालाही तो होऊन गेलेला असू शकतो.

अमेरिकेत स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी २१० जुळ्या व्यक्तींच्या रक्तातल्या रोगप्रतिकाराच्या दोनशेहून जास्त गोष्टी मोजल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांतल्या ७७ टक्के गोष्टींवर वारशापेक्षा बाहेरच्या परिस्थितीचा, म्हणजे आधी झालेल्या आजारांचा, लसींचा, आहाराचा प्रभाव जास्त होता. आपल्याकडे तर आहाराचा मुद्दा फारच मोठा आहे. कुपोषणात लेकराची थायमस ग्रंथी आक्रसते आणि टी-पेशी तयार होतात त्या तिथेच. मेळघाटातल्या एखाद्या बाळाला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होत असेल तर त्याचं कारण जनुकांत शोधण्याआधी त्याच्या दंडाचा घेर मोजा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात तो साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर तातडीनं उपचार लागतात.

३. निसर्गानं सगळ्यांना एकसारखी चांगली जनुकं का दिली नाहीत?

२०१७ चा हंगाम आठवतो? बोंडं वरून छान दिसायची आणि फोडली की आत गुलाबी अळी. शिवारंच्या शिवारं एकाच तऱ्हेच्या बीटी कपाशीची होती. बीटीच्या झाडात तयार होणाऱ्या अळीमार विषाला पुरून उरणारी अळी एकदा तयार झाल्यावर तिला अडवणारं वेगळं झाड कुणाच्याच वावरात नव्हतं.

माणसांचं तसंच आहे. सगळ्यांची एचएलए एकसारखी असती तर तिला चकवणारा एक विषाणू पुरला असता. प्रत्येकाची खाच वेगळी असल्यामुळे गावातला कुणी ना कुणी तग धरतोच. एका माणसापुरतं पाहिलं तरी आई आणि बाप यांच्याकडून दोन वेगळे प्रकार मिळालेला माणूस जास्त प्रकारचे तुकडे दाखवू शकतो. "सर्वांत चांगलं एचएलए कोणतं" याला म्हणूनच उत्तर नाही. जे एका जंतूविरुद्ध कामाचं, तेच दुसऱ्या आजारात त्रासाचं ठरतं (प्रश्न १३ पहा).

४. विदर्भातल्या लोकांची जनुकं बाकीच्यांपेक्षा वेगळी आहेत का?

फक्त इथंच सापडतं असं "विदर्भाचं जनुक" नाही. वेगळं असतं ते प्रमाण. एखादा प्रकार एका समाजात दर दहांत एकाला, तर दुसऱ्यात दर हजारांत एकाला असतो.

त्याचं कारण आपल्या वस्तीच्या इतिहासात आहे. गोंडी आणि कोलामी या द्राविडी भाषा, मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली, मराठी इंडो-आर्य. तीन भाषाकुळं एकाच पट्ट्यात नांदतात असे प्रदेश देशात थोडेच आहेत. भाषा म्हणजे जनुकं नव्हेत, पण वेगवेगळ्या वाटांनी आलेली माणसं इथं शेजारी झाली एवढं त्यातून कळतं. भारतभरच्या नमुन्यांवर २०१३ मध्ये झालेल्या एका अभ्यासानुसार सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी इथल्या वेगवेगळ्या लोकसमूहांची मोठी सरमिसळ झाली आणि त्यानंतर ती थांबत गेली, कारण लोक आपापल्या गटातच लग्नं करू लागले.

पुढे काय होतं ते पेरणीवरून समजेल. एका पायलीभर बियाण्यावर अख्खं शिवार पेरलं आणि वर्षानुवर्षं त्याच पिकातलं बी राखलं तर त्या पायलीत योगायोगानं आलेला एखादा दाणा पुढे सगळीकडे दिसतो. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या आणि आतल्या आत लग्नं करणाऱ्या गटात असंच होतं. २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातले २६० हून जास्त गट तपासले. त्यांतल्या ८१ गटांत हा परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र निघाला, आणि हे दोन समाज तर या बाबतीत जगभर उदाहरण म्हणून शिकवले जातात.

जीनोम इंडिया प्रकल्पात देशभरातल्या सुमारे १० हजार लोकांचे पूर्ण जीनोम (म्हणजे सगळी जनुकीय माहिती) वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली. सुरुवात चांगली आहे. पण १४० कोटींच्या देशात कोलामांसारख्या छोट्या समाजाच्या वाट्याला त्यातलं किती येणार? ही उणीव मला सतत बोचते, कारण औषधांचे धोके ठरतात ते याच नोंदींवरून (प्रश्न १२ पहा).

५. म्हणजे काही जातींचं रक्त बळकट आणि काहींचं कमजोर, असंच ना?

नाही. हा प्रश्न दर महिन्याला येतो, कधी अभिमानानं, कधी मान खाली घालून. उत्तर दोघांनाही तेच.

माणसांमधल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक कोणत्याही एका समाजाच्या आतच सापडतात, हे १९७२ पासून माहीत आहे. तुमच्याच वाड्यातल्या दोन माणसांत जितका फरक आहे, त्यात दुसऱ्या समाजातला माणूस उभा केल्यानं फार थोडी भर पडते. एखादा धोकादायक प्रकार एका समाजात जास्त असला तरी त्याच समाजात बाकी हजार बाबतींत संरक्षण देणारे प्रकार असतात. रोगप्रतिकाराला एकच मोजपट्टी नाही, त्यामुळे "बळकट रक्त" मोजणारच कशानं? ज्या वस्त्यांत क्षय आणि न्यूमोनिया जास्त आहे तिथं धूर कोंडणारी घरं, कमी जेवण आणि लांबचा दवाखाना ही कारणं डोळ्यांसमोर असतात. ती सोडून रक्ताला दोष देणं अन्यायाचं आहे.

६. कोरोनात तरणीताठी माणसं गेली. त्यामागे जनुकं होती का?

काही अंशी. तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा असलेल्यांना कोरोना गंभीर होण्याचा धोका वाढतो असं २०२० मध्ये दिसलं. ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पेबो यांनी दाखवलं की हा तुकडा हजारो वर्षांपूर्वी निअँडरथल मानवांशी झालेल्या संकरातून आपल्यात आला. दक्षिण आशियात सुमारे निम्म्या लोकांत त्याची निदान एक प्रत आहे, युरोपात सुमारे १६ टक्क्यांत.

पण तो तुकडा असलेली कोट्यवधी माणसं बरी झाली. वय, मधुमेह, वेळेवर ऑक्सिजन मिळणं यांचा वाटा खूप मोठा होता. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांनी "आमच्याच रक्तात खोट होती" असं मनाला लावून घेऊ नये.

७. सिकलसेल हे रोगप्रतिकाराचं जनुक आहे का?

नाही. ते हिमोग्लोबिनचं जनुक आहे, अकराव्या गुणसूत्रावरचं. तरीही इथं त्याला जागा आहे, आणि त्याची कारणं दोन.

पहिलं, ते आपल्यात टिकलं हिवतापामुळे. सिकलसेलच्या जनुकाची एकच प्रत असलेल्या म्हणजे एएस मुलांना फॅल्सिपॅरम हा घातक प्रकारचा हिवताप जीवघेणा होण्याची शक्यता बरीच कमी असते. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे मांडलं. जंगलपट्ट्यातल्या पिढ्यांना याच प्रतीनं तारलं, पण दोन प्रती एकत्र आल्या की आजार झाला.

दुसरं कारण घरच्यांनी कायम लक्षात ठेवावं असं आहे. दोन प्रती असलेल्या म्हणजे एसएस लेकराची प्लीहा हळूहळू निकामी होते. रक्तातले काही जिवाणू, मुख्यतः न्यूमोकॉकस, गाळून मारण्याचं काम प्लीहेचं. ती गेली की रोगप्रतिकाराची जनुकं ठणठणीत असूनही लेकरू उघडं पडतं. म्हणून एसएस मुलांना न्यूमोकॉकसची लस आणि लहानपणी रोज पेनिसिलिन देतात. एसएस लेकराला ताप आला तर "सकाळी बघू" म्हणू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.

भारतात आढळणाऱ्या सिकलसेलचा अरब-भारतीय प्रकार आफ्रिकेतल्या प्रकारांपेक्षा सौम्य असतो, कारण त्यात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, असं पुस्तकांत वाचायला मिळतं. सरासरीपुरतं ते खरं आहे. पण नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी नोंदलेल्या रुग्णांत तीव्र आजाराची मुलं पुष्कळ आहेत. "आपला तर हलका प्रकार" या भरवशावर हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध सोडून देणारी घरं मी पाहिली आहेत. तसं करू नका.

दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते. साधी सोल्युबिलिटी चाचणी एएस आणि एसएस यांतला फरक सांगत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही प्रयोगशाळेतली चाचणी लागते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं असून त्यात वय वर्षं ४० पर्यंतच्यांची तपासणी होते. चंद्रपूरला मुंबईच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेचं केंद्र याच आजारांवर काम करतं.

८. मी एएस आहे. मग मला मच्छरदाणीची गरज नाही ना?

आहे. संरक्षण गंभीर फॅल्सिपॅरम हिवतापापुरतं आहे. लागण होतेच, आणि व्हायवॅक्स या दुसऱ्या प्रकारच्या हिवतापापासून तसं संरक्षण नाही. गडचिरोलीत राहत असाल तर औषधी मच्छरदाणी सोडूच नका. हिवतापाच्या गोळ्यांबद्दलची एक काळजी प्रश्न १२ मध्ये आहे.

९. "कुष्ठरोग घराण्यात चालतो म्हणतात. मुलाच्या आजोबाला होता. सोयरीक करावी का?"

करावी. या उत्तराला जरा जास्त जागा घेते, कारण या एका गैरसमजानं आपल्याकडच्या किती तरी मुलींची लग्नं मोडली आहेत.

कुष्ठरोग आनुवंशिक आहे असं एकेकाळी डॉक्टरही मानायचे. १८७३ मध्ये नॉर्वेत हॅन्सन यांना जंतू सापडला आणि तो संसर्गजन्य असल्याचं पुढे आलं. घरात तो एकापेक्षा जास्त जणांना झालेला दिसतो, कारण उपचार न घेतलेल्या रुग्णाजवळ घरचेच वर्षानुवर्षं राहतात. जंतू इतका संथ की लक्षणं दिसायला सरासरी पाच वर्षं लागतात, कधी वीससुद्धा.

मग जनुकांचा संबंध कुठं? जंतू शरीरात गेला तरी बहुतेक माणसं त्याला आपोआप परतवून लावतात. थोड्यांनाच आजार होतो आणि त्यांच्यातही दोन टोकं दिसतात. एका टोकाला टी-पेशी जोरात लढतात, जंतू जवळजवळ दिसत नाहीत, अंगावर एखाददुसरा बधिर चट्टा असतो. दुसऱ्या टोकाला टी-पेशी या जंतूपुढे गप्प बसतात आणि त्वचेत जंतूंची प्रचंड संख्या होते. कोण कोणत्या टोकाला जाणार यात एचएलएचा वाटा आहे. एचएलएच्या डीआर-२ गटातल्या प्रकारांशी असलेला संबंध भारतीय रुग्णांत दिसला आहे. जंतूचं बाहेरचं कवच ओळखणाऱ्या टीएलआर-१ या जनुकातल्या फरकाचाही संबंध सापडला आहे. म्हणजे वारशानं येते ती थोडी कमीजास्त प्रवणता, रोग नव्हे. आजोबांचा रोग नातवाच्या रक्तातून उतरत नाही.

उपचार सुरू झाल्यावर रुग्ण थोड्याच दिवसांत संसर्गजन्य राहत नाही. बहुविध औषधोपचार प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांचा असतो आणि मोफत मिळतो. नवीन रुग्णाच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना प्रतिबंधासाठी रिफॅम्पिसिन या औषधाचा एक डोस देतात, तो नाकारू नका. कायद्यापुरतं सांगायचं तर जोडीदाराला कुष्ठरोग असणं हे घटस्फोटाचं कारण २०१९ च्या दुरुस्तीनं काढून टाकलं आहे. दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये काम सुरू केलं, बाबा आमट्यांनी वरोऱ्याला १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती उभी केली. ज्या भूमीत हे घडलं तिथंच सोयरिकीच्या वेळी ही कुजबुज अजून ऐकावी लागते याचं फार वाईट वाटतं.

१०. हत्तीपाय झालेल्या माणसाच्या रक्तात जंतू सापडत नाहीत, आणि धडधाकट माणसाच्या रक्तात सापडतात. हे कसं?

रात्रीच्या रक्त तपासणीत पूर्व विदर्भातल्या अनेकांना हा धक्का बसतो. काही जणांचं शरीर हत्तीरोगाच्या कृमीशी एक प्रकारे जुळवून घेतं. प्रतिक्रिया दबलेली राहते आणि सूक्ष्म अळ्या रक्तात सुखानं फिरतात. काहींचं शरीर जोरात लढतं, अळ्या संपतात, पण त्या लढाईत लसिकावाहिन्यांची वाताहत होऊन पाय सुजतो. यामागे जनुकांतला फरकही आहे आणि किती वर्षं डास चावले हेही आहे. म्हणूनच सामुदायिक औषधोपचाराच्या दिवशी "मला काही नाही" म्हणणाऱ्यानंही गोळ्या घ्यायच्या. गावात रोग पसरतो तो अशाच धडधाकट दिसणाऱ्या माणसाकडून. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या संस्थेत या रोगाच्या रक्तचाचण्यांवर अनेक वर्षं संशोधन झालं आहे.

११. आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न चालतं. कुळ तर वेगळंच असतं. मग धोका कसा?

कुळ, देवक, गोत्र हे सगळं बापाकडून मोजलं जातं. गोंडांत चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे पाहतात आणि एकाच देवांत लग्न करत नाहीत, तेही बापाच्याच बाजूनं. मामाचं कुळ वेगळं असतं हे खरं, पण मामा आणि आई एकाच आईबापाची लेकरं. आते-मामे भावंडांत आठवा हिस्सा जनुकं सामायिक असतात. त्यांच्या बाळात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता सोळात एक असते.

बाळात जन्मजात दोष असण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. एरवी तो शंभरांत दोन-तीन असतो. म्हणजे नात्यात लग्न केलेल्या बहुतेकांची मुलं निरोगीच असतात. मात्र घरात सिकलसेल, थॅलेसेमिया किंवा लहानपणीच दगावलेली मुलं असतील तर हा धोका हलका समजू नका, आधी तपासणी करून घ्या. नात्यात नसलं तरी छोट्या समाजात याच्यासारखं का घडतं ते प्रश्न ४ मध्ये आहे.

१२. ज्या गोळीनं शेजारी बरा झाला, त्याच गोळीनं माझं अंग सोलून निघालं. माझ्या रक्तात दोष आहे का?

दोष नाही, फरक आहे. तीन औषधांबद्दल आपल्याकडे माहिती हवीच.

कुष्ठरोगाच्या उपचारातलं डॅप्सोन. थोड्या जणांना ते सुरू केल्यावर चार ते सहा आठवड्यांनी ताप, पुरळ, कावीळ आणि गाठी येतात, आणि दुर्लक्ष केलं तर जिवावर बेतू शकतं. २०१३ मध्ये चीनमधल्या रुग्णांत याचं नातं एचएलए-बी*१३:०१ या प्रकाराशी सापडलं. युरोपीय लोकांत हा प्रकार जवळजवळ नाही. भारतीयांत मात्र तो गटागणिक १ ते १२ टक्के असल्याच्या नोंदी आहेत. केवढी ही तफावत! तुमचा समाज एक टक्क्याचा की बाराचा, यावर धोका किती ते ठरतं.

फिटच्या आजारात देतात ते कार्बामाझेपिन. एचएलए-बी*१५:०२ असलेल्यांना पहिल्या दोन-तीन महिन्यांत तोंडात आणि डोळ्यांत फोड येऊन कातडी सुटू शकते. भारतीय रुग्णांतही हे दिसलं आहे.

तिसरं प्रायमाक्विन, व्हायवॅक्स हिवतापात चौदा दिवस देतात ते. याचा संबंध एचएलएशी नाही, जी-६-पीडी या विकराशी आहे. ते कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी काळ्या चहासारखी होते. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे त्रास पुरुषांत जास्त दिसतो. अशा माणसाला डॅप्सोननंही तोच त्रास होऊ शकतो.

यांतलं काही झालं तर गोळी थांबवून लगेच दवाखान्यात जा, आणि त्या औषधाचं नाव कागदावर लिहून कायम खिशात ठेवा. सख्ख्या भावंडांनाही सांगा, कारण त्यांच्यातही तोच प्रकार असण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास असते.

१३. कंबर दुखते म्हणून शहरात तपासणी केली. एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आला. आता पाठ वाकणारच का?

बहुधा नाही. बी२७ असलेल्या बहुसंख्य लोकांना पाठ वाकवणारा तो आजार (अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिस) कधीच होत नाही. तुमची कंबर सकाळी उठल्यावर अर्धा तास आखडते आणि हालचाल केल्यावर मोकळी होते का, हे अहवालापेक्षा महत्त्वाचं. वाकून निंदण केल्यावर दुखत असेल आणि आराम केल्यावर थांबत असेल तर कारण बहुधा दुसरं आहे.

१४. पहिली दोन्ही मुलं वर्षाच्या आत न्यूमोनियानं गेली. तिसऱ्याला जन्मल्याबरोबर बीसीजी द्यावी का?

आधी डॉक्टरांना हा इतिहास सांगा, मग लस. काही घरांत रोगप्रतिकाराचं एखादं जनुक साफ बिघडलेलं असतं आणि बाळात टी-पेशीच तयार होत नाहीत. बीसीजी, तोंडावाटे पोलिओ आणि रोटाव्हायरस या लसींत जिवंत, पण कमजोर केलेले जंतू असतात. अशा बाळाला ते झेपत नाहीत. विशेषतः फक्त मुलगेच दगावले असतील, आईचे भाऊही तान्हेपणी गेले असतील, किंवा बीसीजीची जागा चिघळून गाठी आल्या असतील तर संशय घ्यावा. साध्या रक्त तपासणीत लिम्फोसाइटची (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) संख्या फार कमी दिसणं ही पहिली खूण. यांतल्या काही आजारांवर अस्थिमज्जा बदलणं हा उपाय आहे आणि ते दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात येतात.

बाकी सगळ्यांनी लसी वेळेवरच द्यायच्या. हा अपवाद वाचून कुणाचीही लस लांबवू नका.

१५. लेकीला अस्थिमज्जा हवी आहे. माझा रक्तगट तिच्याशी जुळतो, मग मी देऊ शकतो का?

रक्तगट आणि एचएलए या वेगळ्या गोष्टी आहेत. अस्थिमज्जेसाठी एचएलए जुळावं लागतं, रक्तगट वेगळा असला तरी चालू शकतं. आईबाप साधारणपणे निम्मेच जुळतात (प्रश्न २ मधले गठ्ठे आठवा), म्हणून आधी भावंडं तपासतात. एक भावंड असेल तर पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, दोन असतील तर निदान एक जुळण्याची सुमारे ४४, तीन असतील तर ५८. कुणीच जुळलं नाही तर निम्म्या जुळणाऱ्या आईबापाची मज्जा वापरण्याची पद्धतही आता आहे.

दुसरा मार्ग नोंदणीकृत दात्यांचा. चेन्नईची दात्री ही संस्था २००९ पासून हे काम करते. नोंदणीसाठी गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यानं नमुना घेतात, बाकी काही नाही. आपल्याशी जुळणारा माणूस आपल्याच भागात, आपल्याच समाजात मिळण्याची शक्यता जास्त असते. म्हणून कोरकू, गोंड, कोलाम तरुणांची नावं यादीत नसतील तर त्यांच्या लेकरांना दाता मिळणं कठीणच. कॉलेजातल्या मुलांना मी हे दरवर्षी सांगते.

१६. आमच्या घराण्यात सापाचं विष चढत नाही. हे रोगप्रतिकाराचं जनुक आहे का?

नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषाला पुरून उरणारी कोणतीही एचएलए नाही. चावलेला साप बिनविषारी असतो, किंवा विषारी असूनही त्यानं विष सोडलेलं नसतं, म्हणून माणूस वाचतो आणि घराण्याचं नाव होतं. मण्यारीचा दंश तर दुखतही नाही. प्रतिविष हाच उपाय, आणि तो दवाखान्यातच.

१७. संशोधनासाठी रक्त मागायला माणसं येतात. द्यावं का?

मी देण्याच्या बाजूची आहे, पण विचारून. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका पोडावर (कोलामांच्या वस्तीवर) शाळेत सगळ्यांचं रक्त घेतलं गेलं. कशासाठी ते कुणी समजेल असं सांगितलं नाही आणि निकाल आजतागायत आला नाही. तिथली माणसं आता सिकलसेलच्या तपासणीलाही पुढे येत नाहीत. त्यांना मी दोष देऊ शकत नाही.

असं जगात इतरत्रही झालं आहे. अमेरिकेतल्या हवासुपाई आदिवासींनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं होतं. ते त्यांना न विचारता दुसऱ्याच संशोधनात वापरलं गेलं. वाद न्यायालयात गेला आणि २०१० मध्ये संशोधन करणाऱ्या विद्यापीठानं भरपाई देऊन नमुने परत केले.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार तुमच्या भाषेत समजावून घेतलेली संमती लागते आणि ती तुम्ही नंतर मागेही घेऊ शकता. येणाऱ्याला विचारा: हे रक्त कोणत्या आजारासाठी? नमुना किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या कामाला वापरणार का? निकाल कोण, कधी आणून देणार? नीतिमत्ता समितीची परवानगी दाखवा. गोंडी किंवा कोरकू बोलणारा माणूस सोबत आणलाय का? उत्तरं पटली तर द्या आणि संमतीपत्राची प्रत मागून घ्या. नाही पटली तर नाही म्हणा. नाही म्हटल्यानं तुमचे सरकारी दवाखान्यातले उपचार, गोळ्या किंवा कार्ड बंद होत नाही. तसं कुणी म्हणालं तर त्याचं नाव आणि तारीख लिहून घ्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवा.